एक पगार, पाच दफ्तरं: खान्देशातल्या लहान धंद्यांसाठी मार्चअखेरचा पगार-हिशेब

खान्देशात कामाचं वर्ष एकच नसतं. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, वर्ष आखाजीपासून (अक्षय्य तृतीया) आखाजीपर्यंत. जिनिंगचं वर्ष कापूस आला की सुरू होतं आणि फेब्रुवारी-मार्चात मशीन थांबली की संपतं. जुनी पेढी अजून दिवाळीच्या पाडव्याला वही बदलते. सरकारी दफ्तरांचंही तसंच आहे. आयकराचं वर्ष एप्रिल ते मार्च. व्यवसाय कराच्या वार्षिक विवरणाचं मार्च ते फेब्रुवारी. ईएसआयचे (कर्मचारी राज्य विमा) दोन सहामाही कालखंड. कामगार कल्याण निधी जून आणि डिसेंबरात. म्हणून ‘मार्चएंड’ म्हणत ३१ तारखेला एक रात्र जागून हे उरकत नाही. काम फेब्रुवारीच्या पगारापासून सुरू होतं आणि जूनअखेरपर्यंत चालतं.

एकाच माणसाचा एकच पगार आपण पाच ठिकाणी लिहून देतो: स्वतःच्या हिशेबाच्या वहीत, पीएफला (भविष्य निर्वाह निधी), ईएसआयला, व्यवसाय कराला आणि टीडीएसच्या, म्हणजे पैसे देतानाच कापलेल्या आयकराच्या, विवरणात. पाचही ठिकाणचे आकडे एकमेकांशी बोलले पाहिजेत. सारखेच असले पाहिजेत असं नाही; फरक असेल तर त्याचं कारण कागदावर दाखवता आलं पाहिजे. लहान उद्योजकाला येणाऱ्या नोटिसांत कर बुडवल्याच्या कमी आणि आकडे न जुळल्याच्या जास्त, असं माझं निरीक्षण आहे.

इथले आकडे आणि कलमं आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, २०२५ लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले, पण ३१ मार्च २०२६ ला संपलेल्या वर्षाचा हिशेब १९६१ च्या जुन्याच कायद्याने करायचा आहे.

आधी माणसं मोजा

कोणता कायदा आपल्याला लागतो हे मुख्यतः डोकी मोजून ठरतं. कामगार कल्याण निधी ५ माणसांपासून, ईएसआय १० पासून, भविष्य निर्वाह निधी २० पासून. व्यवसाय कराला संख्येची अट नाही. कराच्या टप्प्यात पगार असलेला एक माणूस असला तरी नोंदणी लागते. पगारावरच्या टीडीएसचंही तसंच. धंद्याची उलाढाल किती, ऑडिट होतं की नाही, याच्याशी कलम १९२ चा संबंध नाही. कर लागू होईल इतका पगार एकालाही देत असाल तर कपात करावीच लागते.

मोजताना मुकादमामार्फत आलेली माणसं गाळू नका. ‘आमचे तेरा, बाकीचे ठेकेदाराचे’ हे उत्तर पीएफच्या निरीक्षकापुढे टिकत नाही. ठेकेदाराने आपल्या मजुरांचा पीएफ भरला नाही तर शेवटी जबाबदारी मूळ मालकावर येते. जळगाव एमआयडीसीतली डाळ मिल असो की नंदुरबारची मिरचीची पथारी, हंगामात संख्या फुगते आणि तीच अडचणीची ठरते. आणखी एक, एकदा पीएफ लागू झाला की पुढे माणसं वीसच्या खाली आली तरी तो सुटत नाही.

एक तक्ता, बारा महिने

मग पगाराचा वार्षिक तक्ता करा. एक्सेलमध्ये, टॅलीत किंवा लांब रजिस्टरात, कुठेही चालेल. प्रत्येक कामगाराची एक ओळ. त्यात पॅन, आधार, यूएएन (पीएफचा कायमचा खाते क्रमांक), ईएसआय क्रमांक, कामावर लागल्याची आणि सोडल्याची तारीख. मग बारा महिन्यांचा एकूण पगार, मूळ वेतन व महागाई भत्ता, बाकीचे भत्ते, ओव्हरटाइम, बोनस, खाडे, उचल आणि कपाती. खाली महिन्याची बेरीज, उजवीकडे माणसाची बेरीज.

बेरजा तयार झाल्या की जुळवणी करा. वर्षाची एकूण रक्कम वहीतल्या पगार खात्याशी आणि हातात पडलेली निव्वळ रक्कम बँकेच्या उताऱ्याशी. फरक बहुधा तीनच ठिकाणी सापडतो: मार्चचा पगार एप्रिलमध्ये दिलेला असतो, उचल खर्चात टाकलेली असते, किंवा रोखीने दिलेली मजुरी वहीत आहे आणि मस्टरवर (हजेरीपटावर) नाही.

मार्चचा पगार ७ एप्रिलला दिला तरी तो कामगाराच्या याच वर्षाच्या उत्पन्नात येतो, म्हणून फॉर्म १६ मध्ये, म्हणजे कामगाराला द्यायच्या पगार आणि करकपातीच्या दाखल्यात, तो धरायचा. उचल हा खर्च नाही, येणं आहे. पगारातून वळती झाली की खर्च आपोआप पूर्ण पगाराचा होतो. दोनदा लागता कामा नये.

तिसऱ्या फरकाबद्दल स्पष्ट बोलतो. ३१ मार्चला नफा जास्त दिसतोय म्हणून ‘मजुरी खाते’ नावाने एक गोल आकडा टाकायची रीत आपल्याकडे आहे. मस्टर नाही, सह्या-अंगठे नाहीत, पीएफ-ईएसआयमध्ये ही माणसं नाहीत. आयकर अधिकाऱ्याला तो खर्च खोटा वाटतो आणि पीएफवाल्याला तीच रक्कम पीएफ चुकवलेला पगार वाटते. एकाच आकड्यावर दोन्हीकडून मार बसतो.

रोखीच्या पगाराला वेगळी मर्यादा आहे. कलम ४०ए(३) प्रमाणे एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर तो खर्च आयकरात मान्य होत नाही. दोन व्हाउचर करून उपयोग नाही. बेरीज दिवसाची धरतात. केळी कापणी-भरणीची किंवा जिनिंगची आठवड्याची मजुरी माणसागणिक क्वचितच इतकी होते, पण मुकादमाच्या हातात सगळ्या टोळीचे पैसे एकदम दिले तर ते एका माणसाला दिलेले धरले जातात. मुकादमाला बँकेतून द्या, नाहीतर प्रत्येक मजुराची सही घेऊन ज्याचे त्याला.

फेब्रुवारीचा पगार आणि व्यवसाय कर

महाराष्ट्रात पुरुष कामगाराला महिना ७,५०० रुपयांपर्यंत व्यवसाय कर नाही. ७,५०१ ते १०,००० ला महिना १७५ रुपये. त्याच्या वर महिना २०० आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाला २,५००. महिला कामगारांना २५,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर हा कर नाही. एप्रिल २०२३ पासून ही मर्यादा आहे, आधी ती १०,००० होती. जुनं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या ठिकाणी बायांच्या पगारातून अजून २०० कापले जात असल्याचं दिसतं. तक्त्यात हा रकाना मुद्दाम बघा. दुसरी नेहमीची चूक म्हणजे फेब्रुवारीतही २००च कापणं.

मागच्या वर्षी तुमच्याकडून भरलेला व्यवसाय कर एक लाखापेक्षा कमी असेल तर विवरण वर्षातून एकदाच, मार्च ते फेब्रुवारीच्या पगारांचं, आणि त्याची मुदत ३१ मार्च. म्हणजे फेब्रुवारीचा पगार झाला की लगेच बसायचं. आधी महाजीएसटीच्या संकेतस्थळावर चलन भरा, मग विवरण. कर शून्य असला तरी नोंदणी आहे तोवर विवरण द्यावंच लागतं. न दिल्यास विलंब शुल्क लागतं.

पीएफ आणि ईएसआय

इथे वार्षिक फॉर्म भरायचा नसतो, दर महिन्याची विवरणं तपासायची असतात. दोन्हींची मुदत पुढच्या महिन्याची १५ तारीख. पीएफ कामगाराचा १२ टक्के, मालकाचा १२ टक्के. मालकाच्या हिश्शातले ८.३३ टक्के १५,००० च्या मर्यादेपर्यंत पेन्शनला जातात. ईएसआय कामगाराचा ०.७५ आणि मालकाचा ३.२५ टक्के.

बारा महिन्यांची चलनं काढा आणि प्रत्येकावर पैसे भरल्याची तारीख बघा. का, ते सांगतो. कामगाराच्या पगारातून कापलेला पीएफ-ईएसआय मुदतीनंतर भरला, अगदी पाच दिवस उशिरा, तर ती रक्कम मालकाच्या उत्पन्नात धरली जाते आणि खर्च म्हणून परत कधीच मिळत नाही. १२ ऑक्टोबर २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०२५-२६ पर्यंतच्या वर्षांसाठी याबद्दल वाद उरलेला नाही. मालकाचा हिस्सा मात्र आयकर विवरणपत्राच्या मुदतीआधी भरला तर चालतो. बोनस आणि रजेच्या पगारालाही हाच नियम: वहीत तरतूद करून भागत नाही, विवरणपत्राच्या मुदतीआत प्रत्यक्ष दिलेला असला पाहिजे. दिवाळीत बोनस देणाऱ्यांनी हे आपल्या सीएशी आधीच बोलून ठेवावं.

ईएसआयमध्ये २१,००० रुपयांच्या मर्यादेचा एक बारकावा आहे. कालखंड एप्रिल-सप्टेंबर आणि ऑक्टोबर-मार्च. कालखंडाच्या मध्येच कुणाचा पगार २१,००० च्या वर गेला तर तो कालखंड संपेपर्यंत कपात चालूच राहते, आणि तीही वाढलेल्या पूर्ण पगारावर. जानेवारीत २२,००० झालेल्या माणसाची कपात मार्चपर्यंत करायची, एप्रिलपासून तो बाहेर. पगारवाढ १ एप्रिललाच दिली तर तो त्याच दिवसापासून बाहेर पडतो. १ मेपासून दिली तर सप्टेंबरपर्यंत आत राहतो. ज्याच्या घरात आजारपण चालू आहे अशा कामगाराला या एका महिन्याने मोठा फरक पडतो. वाढ जाहीर करण्याआधी त्याला विचारा.

हंगाम संपून गेलेल्या माणसांची ‘काम सोडल्याची तारीख’ पीएफच्या पोर्टलवर टाका. आपल्याकडे सातपुड्यातून आणि मध्य प्रदेशातून आलेले मजूर गावी परततात आणि तारीख टाकलेली नसल्यामुळे त्यांचे पैसे अडकतात. दोन मिनिटांचं काम आहे.

चार नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. त्यांतल्या वेतनाच्या व्याख्येप्रमाणे भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. मूळ वेतन ६,००० आणि बाकी सगळे भत्ते अशी रचना असेल तर नव्या वर्षाची पगारपत्रकं छापण्याआधी ती बदलून घ्या.

पगारावरचा टीडीएस

“भाऊ, आमच्याकडे सगळे पंधरा-वीस हजारवाले, आमचा कसला टीडीएस?” हे वाक्य अवधान एमआयडीसीपासून नवापूरपर्यंत ऐकू येतं, आणि बहुतेक वेळा ते खरंच असतं. नव्या करपद्धतीत ७५,००० ची प्रमाणित वजावट आणि १२ लाखांपर्यंतची करसवलत धरली तर वर्षाला १२,७५,००० म्हणजे महिना १,०६,२५० पर्यंतच्या पगारावर कर शून्य. अडकतात ते खासगी मर्यादित कंपनीचे संचालक आणि एखाद-दुसरा मोठा व्यवस्थापक.

समजा पगार महिना १,२०,००० आहे. वर्षाचे १४,४०,०००. वजावट जाऊन १३,६५,०००. पहिल्या चार लाखांवर काही नाही, पुढच्या चारवर ५ टक्क्यांनी २०,०००, त्यापुढच्या चारवर १० टक्क्यांनी ४०,०००, उरलेल्या १,६५,००० वर १५ टक्क्यांनी २४,७५०. बेरीज ८४,७५०. त्यावर ४ टक्के उपकर ३,३९०. एकूण ८८,१४०, म्हणजे महिना ७,३४५. अकरा महिने काहीच कापलं नसेल तर मार्चमध्ये सगळं एकदम कापण्यावाचून इलाज नसतो.

नवी पद्धत आपोआप लागू होते. जुनी हवी असेल तर कामगाराने तसं लेखी सांगायचं आणि फॉर्म १२बीबी सोबत पुरावे द्यायचे. भाड्याच्या पावत्या, घरमालकाचा पॅन (वर्षाचं भाडं लाखाच्या वर असेल तर), विम्याचे हप्ते, गृहकर्जाचा दाखला. नव्या पद्धतीतल्या माणसाकडून एलआयसीच्या पावत्या गोळा करत बसू नका, त्यांचा उपयोग नाही. वर्षाच्या मध्ये रुजू झालेल्याकडून आधीच्या मालकाकडचा पगार आणि तिथली कपात मात्र मागून घ्या. पॅन नसेल किंवा आधारशी जोडलेला नसल्याने निष्क्रिय असेल, तर कर लागू होणाऱ्या पगारावर २० टक्क्यांपर्यंत कपात करावी लागते.

मुकादम आणि ठेकेदार

त्यांना दिलेले पैसे पगार नाहीत. तिथे कलम १९४सी. एका वेळी ३०,००० किंवा वर्षभरात १,००,००० च्या वर गेलं की ठेकेदार व्यक्ती असेल तर १ टक्का, फर्म किंवा कंपनी असेल तर २ टक्के. तुम्ही स्वतः एकल मालक असाल आणि आदल्या वर्षी धंद्याची उलाढाल एक कोटीच्या आत असेल तर ही कपात करावी लागत नाही. फर्मला आणि कंपनीला अशी सूट नाही. ठेकेदारांची खाती मार्चमध्येच उघडून बघा, कारण लाखाची मर्यादा वर्षभराच्या बेरजेची आहे आणि ती साधारण जानेवारी-फेब्रुवारीत नकळत ओलांडली जाते. कपात राहिली तर त्या खर्चाचे ३० टक्के नामंजूर होतात.

भागीदार: यंदाचा खरा खड्डा

खान्देशातले निम्मे-अधिक जुने धंदे दोन-तीन भावांची किंवा काका-पुतण्यांची भागीदारी आहेत, असं म्हटलं तर फार चुकणार नाही. त्यांच्यासाठी १ एप्रिल २०२५ पासून नवं कलम १९४टी आलं. फर्मने भागीदाराला दिलेला पगार, मोबदला, बोनस, कमिशन आणि भांडवलावरचं व्याज यांची वर्षाची बेरीज २०,००० च्या वर गेली की १० टक्के टीडीएस. उलाढाल कितीही असो. नफ्यातला वाटा यात येत नाही.

अडचण आपल्या सवयीची आहे. आपल्याकडे भागीदार वर्षभर लागेल तसे पैसे उचलतात आणि मोबदला व व्याज किती हे ताळेबंद करताना, कधी कधी ऑगस्टमध्ये, ठरतं. नोंद मात्र ३१ मार्चच्या तारखेने पडते. कायदा म्हणतो की रक्कम खात्यावर जमा केली किंवा दिली, यांपैकी जे आधी होईल तेव्हा कपात. भांडवली खात्यावर जमा करणं म्हणजेही जमा. म्हणून ३१ मार्चची नोंद असेल तर कर ३० एप्रिलपर्यंत भरायला हवा, आणि त्यासाठी आकडा एप्रिलमध्येच ठरवायला हवा.

समजा दोन भागीदारांचा मिळून मोबदला ६,००,००० आहे. टीडीएस ६०,०००. तो ३० एप्रिलऐवजी ५ मेला भरला. व्याज कपातीच्या तारखेपासून मोजतात, महिना किंवा त्याचा भाग पूर्ण धरून: मार्च, एप्रिल, मे. तीन महिने, दीड टक्क्याने, २,७०० रुपये. पाच दिवसांचे.

माझा सल्ला असा. भागीदारी करारात मोबदला आणि व्याजाचा दर स्पष्ट लिहा. मोबदल्याची कायद्यातली मर्यादा नफ्यावर ठरते: पहिल्या सहा लाखांवर ३ लाख किंवा ९० टक्के, जे जास्त असेल ते, आणि उरलेल्या नफ्यावर ६० टक्के. व्याज जास्तीत जास्त १२ टक्के. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात अंदाजी नफा काढा, त्यावरून मोबदला ठरवा, कर भरा. महिन्याची उचल मोबदल्यापोटी आहे की नफ्यापोटी, हे वहीत लिहून ठेवा. मोबदल्यापोटी असेल तर कपात त्याच महिन्यात करावी लागते. फर्मकडे टॅन (कर कापणाऱ्याचा खाते क्रमांक) नसेल तर आधी तो काढा. ‘पगारदार कुणी नाही म्हणून टॅन नाही’ हे आता चालणार नाही.

एप्रिल ते जून

मार्चमध्ये कापलेला टीडीएस भरायची मुदत ३० एप्रिल. बाकीच्या महिन्यांत ती ७ तारीख असते. आयकर पोर्टलच्या ई-पे टॅक्समधून चलन भरा. पगाराचं वेगळं, ठेकेदारांचं वेगळं, भागीदारांचं वेगळं. कलम चुकलं तर पुढे जुळवताना त्रास होतो.

चौथ्या तिमाहीची विवरणं ३१ मेपर्यंत. पगाराचं २४क्यू, ठेकेदार-भागीदारांचं २६क्यू. चौथ्या तिमाहीचं २४क्यू बाकीच्या तीन तिमाहींपेक्षा वेगळं असतं. त्यात प्रत्येक कामगाराचा वर्षभराचा पगार, वजावटी, निवडलेली करपद्धत आणि एकूण कर असं सविस्तर परिशिष्ट जोडावं लागतं. आधी केलेला तक्ता इथे कामी येतो. भरण्याआधी पॅन एकेक करून तपासा. एक अक्षर चुकलं की कर दुसऱ्याच्या नावे किंवा कुणाच्याच नावे जमा होत नाही, आणि तो माणूस जुलैत तुमच्या दारात उभा राहतो.

उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये, कापलेल्या कराच्या रकमेपर्यंत. २० जूनला भरलं तर २० दिवसांचे ४,०००. हे शुल्क माफ होत नाही.

विवरण मंजूर झालं की ट्रेसेसवर, म्हणजे आयकर खात्याच्या टीडीएसच्या संकेतस्थळावर, टॅनने लॉगिन करा. आधी तिथे जुनी थकबाकी दिसते का बघा, असेल तर दुरुस्ती विवरण द्या. मग फॉर्म १६ चे दोन्ही भाग तिथूनच डाउनलोड करा. घरी एक्सेलमध्ये बनवलेला भाग ब आता ग्राह्य नाही. सही करून १५ जूनपर्यंत कामगारांना द्या. ठेकेदार आणि भागीदारांना फॉर्म १६ए, त्याचीही मुदत तीच. फॉर्म १६ द्यायला उशीर केला तर दिवसाला ५०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

ज्यांचा कर कापलाच नाही त्यांना फॉर्म १६ देणं बंधनकारक नाही. पण दुचाकीच्या किंवा घराच्या कर्जासाठी बँका तो मागतात. अशांना लेटरहेडवर वर्षाच्या पगाराचा दाखला द्या, तक्त्यातली ओळ जशीच्या तशी उतरवून. आकडा गोल करू नका आणि कर्ज जास्त मिळावं म्हणून वाढवूनही देऊ नका, कामगार कितीही जवळचा असला तरी. तो कागद बँकेत राहतो आणि पीएफच्या आकड्याशी कधीतरी ताडला जातो.

जूनमध्ये दोन छोटी कामं उरतात. कामगार कल्याण निधीसाठी जूनच्या पगारातून माणसी २५ रुपये कापा, त्यात आपले ७५ घाला आणि १५ जुलैच्या आत भरा. आणि ३० जूनआधी स्वतःचा व्यवसाय कर, वर्षाचे २,५००. भागीदारी फर्ममध्ये प्रत्येक भागीदाराची ही नोंदणी वेगळी असते. धाकट्या भावाची राहून गेली नाही ना, ते एकदा बघून घ्या.